काचेची घरे आणि उसळलेले पाणी

धर्मगुरूला आपल्या आयुष्यात जितक्या घरांचे उंबरठे ओलांडावे लागतात, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला ओलांडावे लागत असतील. नवे घर बांधून झाले की आशीर्वादासाठी बोलावणे येते. घरात कोणी अंथरुणाला खिळले की बोलावणे येते, आणि घरातून कोणी कायमचे निघून गेले की तेव्हाही येते. त्यामुळे एखाद्या चित्रात घर दिसले म्हणजे आमची नजर भिंतींवर फार वेळ ठरत नाही. ती आतील माणसे शोधू लागते. चित्रसमीक्षेच्या दृष्टीने ही सवय चांगली की वाईट, हे जाणकारांनी ठरवावे. मात्र ज्या चित्रांविषयी आज लिहावयाचे आहे, त्यांच्या बाबतीत आम्हांला तिचाच आधार घ्यावा लागला.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसला असतो. नाताळच्या सुट्टीत तो गावी आला, तेव्हा त्याने आमच्यासाठी त्या शहराच्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक आणले. "फादर, मी राहतो ते शहर असे दिसते," असे म्हणून त्याने पुस्तक उघडून दाखविले. सपाट छपरांची, काचेच्या भिंतींची ठेंगणी घरे, पुढे निळ्याशार पाण्याचे तलाव, दोन-चार ताडमाड आणि वर ढग नसलेले आकाश. मुलाची आई शेजारीच उभी होती. तिने एकदोन पाने निरखून पाहिली आणि विचारले, "अरे, या घरांत राहते कोण?" मुलगा हसला. आम्हीही हसलो. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना हा लेख तयार झाला. मूळ चित्रे पाहण्याचा योग आम्हांला आलेला नाही. छापील प्रतींवरून जे उमगले तेच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नमुन्याचे घर

चित्रांकडे वळण्यापूर्वी त्यांतील घरांची हकिकत सांगणे अगत्याचे आहे. १९४५ च्या जानेवारीत, महायुद्ध अद्याप संपले नसताना, लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' या मासिकाचा संपादक जॉन एन्टेन्झा याने एक योजना जाहीर केली. लढाईवरून सैनिक परत येणार, संसार थाटणार, त्यांना घरे लागणार. पोलाद, काच, प्लायवुड अशा कारखान्यांत तयार होणाऱ्या साहित्यातून, सामान्य माणसाला परवडेल आणि पुन्हा पुन्हा बांधता येईल, असे घर कसे असावे याचे नमुने नव्या दमाच्या वास्तुशिल्पज्ञांनी सिद्ध करावेत, अशी ती कल्पना होती. 'केस स्टडी हाउस' या नावाने ती १९६६ पर्यंत चालली. छत्तीस आराखडे झाले आणि त्यांपैकी दोन डझनांच्या आसपास घरे प्रत्यक्षात उभी राहिली.

या घरांचे रूप त्यांच्या बांधणीतून आले होते. छपराचा भार पोलादी खांबांनी पेलला की भिंतीवर भार राहत नाही; मग ती काचेचीही करता येते. त्या प्रदेशात पाऊस थोडा, बर्फ तर नाहीच. म्हणून छप्पर सपाट चालते. हवा सौम्य, म्हणून अंगण आणि बैठकीची खोली यांत सरकत्या काचेपलीकडे आडोसा लागत नाही. स्वयंपाकघरही बैठकीला उघडे. घरची बाई चुलीपाशी एकटी पडू नये आणि नोकरचाकरांवाचून घर चालावे, हाही त्यामागील एक विचार होता. चार्ल्स आणि रे ईम्स या पतिपत्नीने १९४९ साली पॅसिफिक पॅलिसेड्स येथे आपले घर बांधले, ते कारखान्यातील तयार भाग जोडून. १९६० साली पिएर केनिग याने हॉलिवुडच्या टेकडीच्या कडेवर स्टाल कुटुंबाचे घर पुरे केले. ज्युलियस शुलमन याने त्याचे रात्री घेतलेले छायाचित्र जगभर गेले: अधांतरी वाटणाऱ्या काचेच्या कोपऱ्यात दोन तरुणी गप्पा मारीत बसल्या आहेत आणि पायांखाली दूरवर दिव्यांनी भरलेले शहर पसरले आहे.

योजनेचा हेतू मात्र साधला नाही. सामान्य कुटुंबांनी बिल्डरांची लाकडी सांगाड्याची घरेच विकत घेतली. पोलाद आणि काच यांची ही नमुन्याची घरे मोजकीच राहिली आणि पुढे ती श्रीमंतांची मौल्यवान मालमत्ता होऊन बसली. जे घर सर्वांना मिळावयाचे होते, ते सर्वांनी पाहावयाचे घर झाले. चित्रकार तेथे येतात ते या टप्प्यावर.

दोन क्षणांचे पाणी, दोन आठवड्यांचे काम

डेव्हिड हॉकनी हा इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावी १९३७ साली जन्मला. धुराने काळवंडलेल्या भिंती आणि करडे आकाश पाहत तो वाढला. १९६४ च्या जानेवारीत तो प्रथम लॉस एंजेलिसला गेला. विमान सान बर्नार्डिनोवरून उतरू लागले तेव्हा खाली उन्हात चमकणारे पोहण्याचे तलाव आणि घरे पाहून आपल्याला जो हर्ष झाला, तो दुसऱ्या कोणत्याही शहरात शिरताना झाला नव्हता, असे त्याने सांगून ठेवले आहे. सान बर्नार्डिनो हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

या हर्षातून त्याने जी चित्रे काढली त्यांत सर्वांत प्रसिद्ध 'अ बिगर स्प्लॅश' हे होय. ते १९६७ साली काढलेले असून आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सुमारे अडीच मीटर लांब आणि तितकाच रुंद असा हा चौरस कॅनव्हास आहे. मागे सपाट छपराचे गुलाबीसर घर, त्याची काचेची मोठी भिंत, तिच्यासमोर एक रिकामी खुर्ची, दोन उंच ताडाची झाडे. पुढे निळा तलाव, आणि उजव्या कोपऱ्यातून तिरपी आत शिरलेली पिवळी फळी. त्या फळीवरून कोणीतरी आत्ताच उडी मारली आहे. पांढरे पाणी उसळले आहे. उडी मारणारा मात्र दिसत नाही. तो पाण्याखाली आहे.

चित्राची रचना पाहू. आकाश, भिंत, तलावाचा काठ, पाणी हे सारे रंग रोलरने सपाट पसरलेले आहेत. त्यांत ब्रशाचा फटकारा दिसत नाही, सावलीही जवळजवळ नाही. जे घर यंत्राने केलेल्या सपाट पृष्ठभागांचे आहे, त्याला चित्रकाराने सपाटच हात लावला. उसळलेले पाणी तेवढे त्याने बारीक ब्रशांनी, रेघ रेघ जोडून रंगविले. दोन क्षणांत नाहीशा होणाऱ्या त्या पाण्याला त्याला दोन आठवडे लागले. सबंध चित्रात माणसाच्या अस्तित्वाची खूण एवढीच आहे, आणि तिच्यावरच चित्रकाराचे सर्वांत जास्त श्रम पडले आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे उसळलेले पाणी हॉकनीने तलाव बांधण्याविषयीच्या एका पुस्तकातील छायाचित्रावरून घेतले, आणि मागचे घर कॅलिफोर्नियातील इमारतींच्या त्याच्या स्वतःच्या रेखाटनावरून. तेव्हा या चित्रातील तलावात कोणी कधी उडी मारलेलीच नाही. एक पाहिलेले घर आणि एक छापील पाणी यांच्या जोडणीतून हे दुपारचे सुख उभे केलेले आहे. आपल्याकडे बावखलात पोरे उडी मारतात तेव्हा आधी ओरडा होतो, मग पाणी उडते, मग काठावरून कोणाच्या तरी आजीच्या शिव्या ऐकू येतात. येथे काठावर कोणी नाही. पाणी उसळले आहे तरी आवाज झाल्यासारखे वाटत नाही.

ही चित्रे गोड पण पोकळ आहेत, जाहिरातीच्या पलीकडे त्यांत काही नाही, असा आक्षेप घेता येतो. आम्हांला तो मान्य नाही. जाहिरातीत रिकाम्या खुर्चीत आपण स्वतःला बसवावे अशी योजना असते. हॉकनीच्या खुर्चीत बसण्याची इच्छा होत नाही. ऊन इतके सारखे आहे, शांतता इतकी भरून आहे, की पाहणारा काठावर अवघडून उभा राहतो. हॉकनीला हे शहर मनापासून आवडले होते आणि त्याने त्याची थट्टा केलेली नाही. तरीही डोळ्यांना जे दिसले ते त्याने लपविले नाही, आणि त्यात त्या घरांचा एकाकीपणाही आला.

आमच्या या मताला दुसऱ्या एका चित्राचा आधार आहे. १९६८ साली त्याने फ्रेड आणि मार्शा वाइसमन या कलासंग्राहक पतिपत्नीचे 'अमेरिकन कलेक्टर्स' हे सुमारे तीन मीटर रुंदीचे चित्र काढले. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. काचेचा सपाट मंडप, त्याच्या अंगणात दोघे उभे. पती एका बाजूस वळून ताठ, मूठ आवळलेला. पत्नी समोर पाहत, दात दिसतील असे हसू चेहऱ्यावर घेऊन. दोघांच्या मध्ये एक शिल्प, मागे दुसरे, आणि उजवीकडे लाकडात कोरलेला आदिवासींचा खांब. त्या खांबावरील तोंड आणि बाईंचे हसू यांत साम्य आहे. नवरा-बायको एकमेकांकडे पाहत नाहीत; त्यांच्या वस्तूच एकमेकींशी अधिक जवळिकीने उभ्या आहेत. काचेच्या घरात सारे काही दिसते खरे, पण दिसणे आणि भेटणे यांत किती अंतर असते, हे या चित्राने दाखविले आहे. लग्नाची तयारी करणाऱ्या जोडप्यांपुढे ते ठेवावे, असेही आमच्या मनात येऊन गेले.

याच काळात त्याने 'सेव्हिंग्ज अँड लोन बिल्डिंग' (१९६७) हे चित्रही काढले. आपल्याकडे गृहकर्ज देणाऱ्या पतसंस्था असतात तशा संस्थेची ही इमारत. सबंध चित्रभर चौकटीच चौकटी, खाली ताडाची झाडे. या शहरातील घरांमागचा पैसा जेथून येई त्या ठिकाणाचे हे चित्र घरांच्या चित्रांशेजारी ठेवून पाहिल्यास अधिक बोलके होते.

आगीतील संग्रहालय

हॉकनीच्याच वर्षी, १९३७ साली, जन्मलेला आणि ओक्लाहोमा सिटीतील कॅथलिक घरात वाढलेला एड रुशे १९५६ मध्ये या शहरात कला शिकायला आला. त्याने घरांपेक्षा रस्त्याकडेच्या इमारती रंगविल्या: पेट्रोल पंप, उपाहारगृहे, संग्रहालय. लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाची विल्यम परेरा याने योजिलेली नवी इमारत १९६५ मध्ये उघडली आणि त्याच वर्षी रुशेने तिचे चित्र हाती घेतले. १९६८ मध्ये ते पुरे झाले. वरून पाहिल्याप्रमाणे रेखीव, स्वच्छ, वास्तुशिल्पज्ञाच्या नमुन्यासारखी इमारत. आणि तिच्या एका अंगाला ज्वाळा. पळणारी माणसे नाहीत, बंब नाही. त्याआधी १९६४ मध्ये ला सिएनेगा मार्गावरील 'नॉर्म्स' या उपाहारगृहालाही त्याने चित्रात आग लावली होती.

त्या काळी हा विनोद वाटला असेल. परेराच्या त्या इमारती २०२० मध्ये पाडण्यात आल्या. २०२५ च्या जानेवारीत वणव्याने पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडेना या वस्त्या जाळल्या. ईम्स यांचे घर बचावले. परंतु मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ग्रेगरी एन याने १९४७ च्या सुमारास अल्टाडेनात बांधलेल्या घरांपैकी बहुतेक भस्मसात झाली. रुशेला भविष्य दिसत होते असे आम्ही म्हणणार नाही. नवीकोरी वास्तू कायमची आहे असे त्याने गृहीत धरले नाही, एवढे मात्र म्हणता येईल. तथापि त्याच्याही चित्रात माणूस नाही, आणि आमच्या प्रश्नाला तेथेही उत्तर नाही.

जी घरे उभीच राहिली नाहीत

उत्तराकडे जाण्यासाठी शहराच्या दुसऱ्या एका टेकडीकडे वळावे लागेल. रिचर्ड नॉयट्रा हा या शैलीचा एक आद्य शिल्पकार. १९४६ साली त्याने एडगर काउफमन या धनाढ्य व्यापाऱ्यासाठी पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात काचेचे एक सुंदर घर बांधले. तेच पुढे या सबंध शैलीचे प्रतीक बनले. त्याच नॉयट्राने रॉबर्ट अलेक्झांडर याच्यासह लॉस एंजेलिसमधील चावेझ रवीन या टेकाडांवर गरिबांसाठी सार्वजनिक वसाहतीचा आराखडा केला होता. तेरा मजल्यांचे चोवीस मनोरे आणि दुमजली एकशे त्रेसष्ट इमारती त्यात होत्या.

त्या टेकाडांवर मेक्सिकन कुटुंबांच्या तीन जुन्या वाड्या होत्या. भाजीचे वाफे, कोंबड्या, शाळा, 'सांतो निन्यो'चे, म्हणजे बाळ येशूचे, छोटे देऊळ. १९५० मध्ये रहिवाशांना जागा सोडण्याची पत्रे आली. नव्या वसाहतीत तुम्हांला अग्रक्रम मिळेल, असे आश्वासन त्यांत होते. बहुतेक जण गेले. मग सार्वजनिक घरे म्हणजे साम्यवाद असा गदारोळ उठला, १९५३ मध्ये महापौर बदलला आणि योजना गुंडाळण्यात आली. जमीन अखेर बेसबॉलच्या मैदानासाठी देण्यात आली. १९५९ च्या मे महिन्यात उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून घराबाहेर काढले आणि १९६२ च्या एप्रिलमध्ये तेथे स्टेडियम उघडले. एकाच वास्तुशिल्पज्ञाच्या हातचे श्रीमंताचे घर आजही पाहता येते. गरिबांची घरे कागदावरून खाली उतरलीच नाहीत.

या घटनेचे चित्र कोण्या संग्रहालयात नसून एका कालव्याच्या भिंतीवर आहे. ज्युडी बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून शेकडो तरुण मुलामुलींना हाताशी धरून तुहुंगा नाल्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर सुमारे अर्धा मैल लांबीचे चित्र रंगविले. त्यात शहराचा इतिहास आहे. १९८३ मधील एका भागात महामार्गांचे विळखे एका कुटुंबाला तोडून वेगळे करीत आहेत आणि स्टेडियम उडत्या तबकडीप्रमाणे वस्तीवर उतरत आहे. चित्र दाटीचे आहे, भडक आहे, काही ठिकाणी घोषणेच्या जवळ जाणारे आहे. हॉकनीच्या रंगांचा समतोल त्यात शोधू नये. पण हॉकनीच्या तलावाकाठी जी माणसे नव्हती ती येथे गर्दी करून उभी आहेत.

काच पुसणारी बाई

आता सान बर्नार्डिनोकडे वळू. हॉकनीने जेथे विमानातून तलाव पाहिले त्याच गावी १९८६ साली जे लिन गोमेझ या चित्रकर्तीचा जन्म झाला. ज्या चित्रांविषयी आम्ही बोलणार आहोत ती तिने त्या वेळच्या रामिरो गोमेझ या नावाने प्रसिद्ध केली. आईवडील मेक्सिकोहून आलेले. आई शाळेत सफाईचे काम करी, वडील ट्रक चालवीत. गोमेझने स्वतः लॉस एंजेलिसमधील एका सधन कुटुंबात राहून मुले सांभाळण्याची नोकरी केली. मूल झोपले की घरात पडलेल्या गृहसजावटीच्या मासिकांची पाने फाडून, त्यांतील चकचकीत खोल्यांत ती मोलकरीण, माळी, दाई यांची चित्रे रंगवू लागली. कधी पुठ्ठ्यावर माळ्यांच्या आकृती काढून तिने त्या बेव्हर्ली हिल्सच्या कुंपणांपाशी उभ्या करून ठेवल्या.

२०१३ मध्ये तिने हॉकनीचे ते प्रसिद्ध चित्र पुन्हा काढले. नाव दिले 'नो स्प्लॅश'. तेच घर, तेच ताड, तोच निळा तलाव. पाणी मात्र उसळलेले नाही. तलावापाशी लांब दांड्याची जाळी घेऊन एक माणूस पाणी साफ करीत आहे आणि मागे काचेच्या भिंतीपाशी एक बाई काच पुसत आहे. दोघांच्या चेहऱ्यांवर नाकडोळे नाहीत. पुढच्या वर्षी तिने 'अमेरिकन कलेक्टर्स'च्या जागी 'अमेरिकन गार्डनर्स' काढले. वाइसमन दांपत्य जेथे उभे होते त्या अंगणात आता दोन माळी आहेत. हॉकनीच्या 'बेव्हर्ली हिल्स हाउसवाइफ' या चित्रातील गृहिणीच्या जागी घरकाम करणारी बाई आली.

या चित्रांविषयी दोन शंका आमच्या मनात आल्या. त्या वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पहिली अशी, की ही चित्रे स्वतःच्या पायांवर उभी आहेत काय? हॉकनी ठाऊक नसलेल्या माणसाला 'नो स्प्लॅश' हे तलाव साफ करणाऱ्याचे एक साधे चित्र वाटेल. ते खरे आहे, आणि चित्र म्हणून ही त्याची मर्यादाच होय. रंगांची जी नवी दृष्टी हॉकनीने दिली ती गोमेझने उसनी घेतली आहे. मात्र दुसऱ्याच्या घरात राहून ज्याने जग पाहिले त्याने दुसऱ्याच्या चित्रात शिरूनच बोलावे, यात एक औचित्य आहे, हेही नाकारता येत नाही.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. ज्यांना कोणी पाहत नाही त्यांना चित्रात आणावयाचे आणि पुन्हा त्यांना चेहरा द्यावयाचा नाही, हे कसे? आरंभी आम्हांला याचा रागच आला. मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली. हॉकनीच्या पोहणाऱ्यालाही चेहरा नाही. पण तो क्षणभरात पाण्याबाहेर येईल, केस झटकेल, खुर्चीत बसेल. गोमेझची माणसे भर उन्हात आपल्यासमोर उभी आहेत आणि तरी ओळखू येत नाहीत. पाहणाऱ्याने त्यांच्याकडे कधी नीट पाहिलेलेच नाही. चित्रकर्तीने आपलीच नजर आपल्याला परत केली आहे. शिवाय त्यांच्या कामाचे स्वरूपच असे की ते उत्तम झाले म्हणजे त्याची खूण उरत नाही. काच इतकी पुसावी की काच आहे असे वाटू नये. पाणी इतके नितळ करावे की पान पडल्याचा माग राहू नये. हॉकनीच्या चित्रातील ती निर्मळ काच आणि ते निर्मळ पाणी कोणाच्या तरी सकाळच्या श्रमाचे फळ आहे, हे आम्हांला 'नो स्प्लॅश' पाहीपर्यंत सुचले नव्हते.

येथे नमुन्याच्या घराची कथा आठवते. नोकरांवाचून चालावे आणि घरातील माणसांनी एकमेकांना दिसावे, म्हणून काच आली, स्वयंपाकघर उघडे झाले. परंतु काचेवर प्रत्येक बोट उमटते आणि तलावात रोज पाचोळा पडतो. श्रीमंतांच्या हाती गेलेल्या त्या घराला शेवटी पूर्वीपेक्षा अधिक हात लागू लागले. आतली माणसे काचेतून एकमेकांना दिसली, पण वाइसमन दांपत्यासारखी पाठमोरी राहिली. आणि काच पुसणारी तर काचेसारखीच आरपार झाली.

म्हणून हॉकनी थोर की गोमेझ, असा वाद आम्ही घालणार नाही. चित्रकार म्हणून हॉकनीचे सामर्थ्य मोठे आहे. काठावरची शांतता त्याने प्रथम ऐकविली, आणि ती इतकी स्वच्छ ऐकविली नसती तर तिच्यात कोणाचे नाव गाळले गेले आहे हे गोमेझलाही दाखविता आले नसते. परंतु यापुढे हॉकनीचे चित्र एकटे पाहणे पुरेसे नाही, असे आमचे मत झाले आहे. पुस्तकात ही दोन चित्रे पुष्कळ पानांच्या अंतराने छापलेली आहेत. आम्ही मध्ये कागदाची खूण घालून ठेवली आहे.

जाता जाता एक कबुली. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही एका नव्या बंगल्याला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. दर्शनी बाजूस छपरापर्यंत काच होती आणि ती अशी लखलखत होती की आम्ही तिची तोंडभरून स्तुती केली. सर्व खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडीत मागील ओट्यावर आलो, तेव्हा तेथे हातात ओले फडके घेतलेली एक बाई भिंतीला चिकटून उभी राहिली. पाण्याचे थेंब तिच्याही अंगावर पडले. तिने क्रूसाची खूण केली. आम्ही पुढे गेलो. नंतर घरच्यांबरोबर छायाचित्र निघाले, ते काढण्यासाठी कॅमेरा तिच्याच हातात देण्यात आला.

ते छायाचित्र आमच्या टेबलाच्या खणात होते. पुस्तक चाळून झाल्यावर आम्ही ते बाहेर काढले. मंडळींच्या मागे ती काच आहे, आणि काचेत, नीट पाहिल्यास, दोन्ही हातांनी कॅमेरा धरलेली एक आकृती उमटलेली आहे. चेहरा दिसत नाही. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या कुटुंबाकडे तिची चौकशी केली. ती सकाळच्या पहिल्या मिस्साला मागच्या बाकावर बसत असते, असे कळले. आम्ही त्या बाकाकडे वेदीवरून इतकी वर्षे पाहत आलो होतो. आता तिचे नाव आम्हांला ठाऊक आहे.